खाडीवरचं गाव

बहरीनमध्ये, नव्वदीच्या दशकात, उम्म अल हस्समजवळच्या एका शाळेत जुन्या इंग्रजी पुस्तकांची विक्री होती. गेल्या पिढीतल्या एका अमेरिकन लेखिकेच्या कादंबरीवर मी हात ठेवला, तेवढ्यात समोरून दुसरा हात आला. डोक्यावरून ओढणी घेतलेली, चाळिशीची बाई. प्रत एकच होती.

“ताई, हिचं काही वाचलंय तुम्ही?” तिनं विचारलं. बोलणं रत्नागिरीकडचं.

“नाही. वाचायचंय.”

“मग मला द्या. मला गरज आहे.” बोलता बोलता ती कव्हरवरची धूळ तळहातानं पुसत होती. “ही मासिकात मोठ्या हुद्द्यावर होती. चाळिशीच्या तोंडावर नोकरी सोडली आणि लहानपणी पाहिलेल्या माळरानातल्या माणसांवर लिहीत बसली. मीपण काल ऑफिसात राजीनामा दिला. आमच्या खाडीवरच्या गावाचं लिहिणार.”

“पण गाव तर तिकडे राहिलं. इथे बसून कसं लिहाल?”

“तिनंही लांब शहरात बसूनच लिहिलं. गावात होते तेव्हा मला गाव कुठे दिसलं, ताई? नुसतं पाणी भरत होते.”

मी हात काढून घेतला.

दारात तिचा नवरा गाडी घेऊन उभा होता. “खलास?” त्यानं हसून विचारलं.

“खलास कसलं? आता तर सुरुवात,” म्हणत ती पुस्तक उघडूनच गाडीत बसली.

पुढे ती कधी भेटली नाही. तिनं लिहिलं का, मला ठाऊक नाही. त्या दुपारी मात्र मला तिळभरही शंका वाटली नाही.