टायफॉइडचा दाखला

कोर्टाने दिलेल्या वकीलबाईंनी माझ्या हातातला कागद दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "पण यात तर टायफॉइड लिहिलंय."

टायफॉइडच लिहिलं होतं. आम्हीच लिहून घेतलं होतं.

माझा धाकटा भाऊ अमेरिकेत सनीव्हेलला चिप डिझाइनच्या नोकरीत होता. एका दुपारी त्याने शेजाऱ्याच्या अपार्टमेंटमध्ये शिरून हातोडीने भिंत फोडली, कारण त्या भिंतीतून त्याच्याविषयी कुणीतरी बोलत होतं. घरफोडीचा गुन्हा लागला आणि तो जेलमध्ये गेला. वकीलबाई म्हणाल्या, खटला मानसिक आरोग्य कोर्टात हलवता आला तर शिक्षेऐवजी उपचार होतील, आणि ते पुरे केले तर गुन्हाही निघून जाईल. नाहीतर तुरुंग, मग व्हिसा रद्द. सरकारी पक्ष म्हणत होता, हा सोंग करतोय. म्हणून आजाराचा जुना पुरावा हवा होता. शिवाय भावाची स्वतःची संमती. आणि तो तर ऐकायलाच तयार नव्हता. "मी वेडा नाहीये, ताई. असल्या कोर्टात मी जाणार नाही."

सात वर्षांपूर्वी नागपूरला तो तीन आठवडे इस्पितळात होता. झोपत नव्हता, शिक्षक डोक्यात विचार घालतात म्हणायचा. आमच्या वस्तीतून अमेरिकेला शिकायला निघालेला तो पहिला मुलगा. बोभाटा होऊन त्याचं जाणं अडू नये म्हणून बाबांनी डॉक्टरांपुढे हात जोडले आणि टायफॉइडचा दाखला मागून घेतला. रोज सकाळी पंचशील म्हणणारे बाबा. आयुष्यात एकच मोठं खोटं बोलले, तेही लेटरहेडवर. भावालाही आम्ही तेच सांगितलं: ताप डोक्यात गेला होता. गोळ्या अशक्तपणाच्या आहेत, असं म्हणून मी त्या व्हिटॅमिनच्या डबीत भरून द्यायची, पुढे इथेही पाठवायची. तेव्हा मला हे फार हुशारीचं वाटलं होतं. गेल्या वर्षी त्याने त्या बंद केल्या. टॉनिक जन्मभर कोण घेतं?

मी बाबांना फोन केला. मी भांडायच्या तयारीतच होते.

"माझ्यामुळे पोरगा आत आहे का?" त्यांनीच आधी विचारलं.

'हो, तुमच्यामुळेच' हे सात वर्षं साठलेलं उत्तर माझ्या जिभेवर होतं. ते गिळून मी म्हणाले, "आपल्या सगळ्यांमुळे."

चार दिवसांनी डॉक्टरांचे खरे कागद आले, सोबत बाबांचं सही-शिक्क्याचं प्रतिज्ञापत्र. "डॉक्टरांना खोटं लिहायला मी लावलं, माझ्या मुलाला हे ठाऊक नव्हतं," एवढंच त्यात होतं. आईकडून नंतर कळलं की पाठवण्याआधी ते त्यांनी रविवारी विहारात उभं राहून वाचून दाखवलं. ज्यांच्यापासून लपवलं त्यांनाच. बाबांना मी ओळखते असं मला वाटत होतं. मी थक्क झाले.

पण भावाला कोण सांगणार? मीच जेलमध्ये भेटायला गेले. काचेपलीकडे तो, अलीकडे मी, दोघांच्या कानाला फोन. सगळं सांगून टाकलं, व्हिटॅमिनच्या डबीसकट. आता हा फोन आपटणार, असं मला वाटलं.

त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाला, "म्हणजे तेव्हाही हेच झालं होतं?"

"हो."

"आणि मी बरा झालो होतो?"

"हो रे."

"त्यानंतर मी मास्टर्स केलं, यार. जॉब केला. म्हणजे त्या गोळ्यांवर मी ठीक होतो." त्याने काचेवर हात टेकला. "मला वाटत होतं, आता हे असंच राहणार. कायमचं."

त्याला धीर देईल अशी एकच गोष्ट आमच्याजवळ होती, आणि नेमकी तीच आम्ही बदनामी समजून सात वर्षं दडवून ठेवली होती. माणूस इतक्या खोल खड्ड्यातून एवढ्याशा आधारावर वर यायला निघतो, हे मी डोळ्यांनी पाहत होते.

"बाबांशी मी आत्ता बोलणार नाही," तो म्हणाला. "तुझ्यावरही चिडलोय. सही कुठे करायची?"

मानसिक आरोग्य कोर्टात त्याच्या आधी असेच उपचार चालू असलेला एक म्हातारा होता. न्यायाधीशबाईंनी त्याला झोप लागते का, कुत्रा कसा आहे, असं विचारलं. तो औषध चुकवत नाही हे ऐकून त्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि सगळं कोर्ट टाळ्या वाजवू लागलं. मीही वाजवल्या. कोर्टात असं काही होतं हे कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

मग भाऊ उभा राहिला.

"हा आजार तुम्हाला किती दिवसांपासून आहे?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

"सात वर्षं," तो म्हणाला. "मला कळून अकरा दिवस झालेत."

न्यायाधीशबाईंनी मान खाली घालून कागद पुन्हा वाचले, त्याला आणखी चार प्रश्न विचारले आणि खटला आपल्या कोर्टात घेतला.

बाहेर येऊन मी घरी फोन लावला. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग हळूच विचारलं, "माझ्याबद्दल काही बोलला का?"

तुमची आठवण काढत होता, असं अगदी ओठांवर आलं होतं.

"नाही, बाबा," मी म्हणाले. "अजून नाही."