जमिनीला इंजेक्शन देणारी आत्या

माझ्या आत्याला वास येत नसे. कुठलाच नाही. इंग्लंडात आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात तिला सणसणीत फ्लू झाला आणि तो जाताना नाकातलं सगळं घेऊन गेला. मोगरा, हिंग, करपलेलं दूध, तिला सगळं सारखंच. आई म्हणायची, "म्हणून तर वन्संनी गवळ्याशी लग्न केलं. नाक शाबूत असतं तर पहिल्या दिवशीच माघारी आल्या असत्या."

आत्या भूल देणारी डॉक्टर. विल्टशरमधल्या एका हॉस्पिटलात होती, आणि हर्नियाच्या ऑपरेशनला आलेला केन तिला तिथेच भेटला. तिने त्याला उलटे आकडे मोजायला सांगितले, तर हा गडी आकडे सोडून "संध्याकाळचं दूध कोण काढणार?" असं विचारत विचारत झोपला. एवढीच त्यांची प्रेमकहाणी. लंडनजवळ पिनरला आमच्या घरी थोडे दिवस तोंडं वाकडी झाली. मग आईनेच फर्मान काढलं की आत्याचा नवरा म्हणजे आतोबा, त्यांना नावाने हाक मारायची नाही. पुढे त्यांच्या गावच्या पबमध्येही लोक त्यांना "ॲटोबा" म्हणायला लागले. त्यांना वाटे, भारतात ही काहीतरी पदवी असावी. आम्ही कुणी ते दुरुस्त केलं नाही.

नाक नसल्यामुळे आत्या दुसऱ्यांची नाकं वापरायची. दारात कुणी आलं की तिचा पहिला प्रश्न, "येतोय का?" फ्रिजमधलं दूध नाकाखाली धरून, "येतोय का?" धुतलेली कार्डिगन पुढे करून, "येतोय का गं? खरं सांग हं." पोस्टमनसुद्धा यातून सुटला नव्हता. मी तेव्हा ब्रॅकनेलला एका कॉम्प्युटर कंपनीत होते आणि शनिवार-रविवार त्यांच्या फार्मवर काढायचे. सोमवारी माझ्या गाडीत ऑफिसातलं कुणी बसायचं नाही. पण आत्याने विचारलं की मी आपली म्हणायची, "नाही गं, फारसा नाही." ती लगेच ओळखायची. "म्हणजे येतोय," म्हणायची आणि पुन्हा साबण घेऊन बसायची.

तर हा वास कसला, ते सांगायला हवं. गायींचं शेण, मूत्र आणि गोठा धुतलेलं पाणी एका मोठ्या हौदात जमायचं. त्या काल्याला स्लरी म्हणतात. आतोबा ती टँकरमध्ये भरून ट्रॅक्टरमागे रानात न्यायचे आणि पंख्यासारखी हवेत उडवायचे. त्यांचे वडील तसंच करायचे. पिकाला एक नंबरचं खत, पण त्यानंतर दोन-तीन दिवस गावात कुणी खिडकी उघडायचं नाही. जुन्या लोकांना त्याचं काही नव्हतं. पुढे जुन्या कोठारांची झकपक घरं झाली, शहरातली माणसं येऊन राहिली. त्यांना गावची हवा पाहिजे होती, पण शेणाशिवायची.

तक्रार कौन्सिलकडे गेली. तिथून निरोप आला की गावाजवळच्या रानात असंच चालू राहिलं तर स्लरी टाकणं बंद करायला लागेल. दुसरी रानं उताराची, खाली ओढा, तिकडे टाकायची सोय नाही. म्हणजे हौद नाताळच्या आत तुडुंब भरणार, आणि हौद भरला म्हणून गायी थोड्याच थांबणार आहेत? गायी विकणं आलं. आतोबा मुळात कमी बोलणारे. त्या महिन्यात ते फक्त गायींशीच बोलत होते, आणि तेही आम्ही आसपास नसताना.

यंत्र शोधून काढलं आत्याने. शेतकी साप्ताहिकात तिने फोटो पाहिला. टँकरच्या मागे लोखंडी फाळ, ते जमिनीत चिरा पाडतात, नळीतून स्लरी थेट त्या चिरेत जाते आणि मागचं चाक वरून माती दाबून टाकतं. आतोबा म्हणाले, असली थेरं आपल्या रानात नकोत. आत्या म्हणाली, "केन, तुझ्या ऑपरेशनला मी औषध तुझ्या अंगावर शिंपडलं असतं तर तू झोपला असतास का? आत घालायचं असतं ते. आयुष्यभर मी दुसरं केलंय काय?" आतोबांनी यंत्र भाड्याने आणलं.

त्या दिवसापासून आत्या जमिनीची डॉक्टर झाली. मक्याच्या धसकटांतून ती ट्रॅक्टरमागे गमबूट घालून चालायची. "वर राहिलं तर वाया, फार खोल गेलं तरी वाया. नेमकं सापडलं पाहिजे." फाळ टेकायच्या आधी खाली वाकून रानाला सांगायची, "आता जरासं टोचेल हं." मराठीत. मी म्हटलं, "अगं, विल्टशरची जमीन आहे ती." तर म्हणे, "पेशंटला भाषा कळत नाही गं, आवाज कळतो."

कौन्सिलच्या माणसाने प्रत्यक्ष येऊन पाहायचं ठरवलं. त्याने दिलेला दिवस नेमका वसुबारसेचा निघाला. आणि वसुबारसेला आत्याने पिनरच्या आणि इल्फर्डच्या सगळ्या मराठी बायकांना कधीपासून बोलावून ठेवलेलं. खरीखुरी गाय, खरंखुरं वासरू, पूजा. आता नाही कसं म्हणायचं? आत्या म्हणाली, "गेटाजवळ तुमची पूजा, मागच्या रानात माझं इंजेक्शन. होऊ दे." मी ऑफिसात सुट्टी टाकली.

पिनरच्या लिमयेकाकूंच्या पुढारीपणाखाली बायका आल्या. पैठण्या, नथी आणि पायात गमबूट. इल्फर्डच्या बाजारातून गवार आणली होती, घरून बाजरीच्या भाकऱ्या. आतोबांनी कौतुकाने दुधाचा भला मोठा जग भरून चहा मांडला, तर एकीनेही दुधाला हात लावला नाही. आज दूध वासराचं, आम्ही नाही घेत, असं काकूंनी समजावलं. आतोबा जगाकडे पाहत राहिले. डेअरीवर सहल काढून कोरा चहा पिणाऱ्या बायका त्यांनी जन्मात पाहिल्या नव्हत्या. शेवटी ते म्हणाले, "वासराला विचारलंत का?" आणि जग घेऊन आत गेले.

मग आतोबा आणि आत्या रानात गेले आणि घात झाला. पूजेआधी सडा-सारवण हवं की नको? पिनरच्या गालिच्यांवर इतकी वर्षं काढलेल्या त्या बायकांना समोर ताज्या शेणाचा ढीग दिसला. लिमयेकाकूंनी पदर खोचला, बाह्या सारल्या. बघता बघता गेटापासून घरापर्यंत सगळं अंगण सारवून झालं. एक थर देऊन समाधान होईना म्हणून दुसरा. काँक्रीटवर शेण कुठलं मुरायला, ते तसंच हिरवंगार चकाकत बसलं. त्यावर रांगोळीची गोपद्मं. मीही हात घातला होता, खोटं कशाला सांगू. मजा येत होती.

तेवढ्यात कौन्सिलचा माणूस आला. गाडीतून उतरला आणि त्याचा पाय थेट गोपद्मावर. आत्या रानातून लगबगीने आली, दोन्ही हात पुढे करून, चेहरा नुसता उजळलेला. तिला अंगण दिसलं, रांगोळी दिसली, पण तिच्या नाकाला बिचाऱ्याला काय कळणार? तिने मोठ्या ऐटीत त्याला इंग्रजीत विचारलं, "वेल? येतोय का काही वास?"

तो रुमालातून म्हणाला, "खरं सांगायचं तर, डॉक्टर, भयंकर येतोय."

आत्याचा चेहरा जो उतरला तो मी कधी विसरणार नाही. ती माझ्याकडे वळली. "येतोय?" पहिल्यांदाच तिचा आवाज लहान झाला होता. मागे आतोबा ट्रॅक्टर बंद करून उभे, टोपी हातात. मी तोंड उघडणार एवढ्यात लिमयेकाकू पुढे झाल्या, कोपरापर्यंत शेणाने माखलेल्या.

"हे आमचं आहे," काकू त्यांच्या ठणठणीत इंग्रजीत म्हणाल्या. "तिचं नाही. तुमच्या स्वागताला केलंय. आमच्यात पाहुणा आला की शेणाने सारवतात."

त्या माणसाने खाली पाहिलं, काकूंच्या हातांकडे पाहिलं, नथीकडे पाहिलं. कौन्सिलमध्ये त्याला हे कुणी शिकवलं नसावं. मग तो मुकाट्याने आत्यामागून रानात गेला, आणि त्याच्यामागून आम्ही सगळ्या, धसकटांतून पैठण्या सावरत. आतोबांनी ट्रॅक्टर चालू केला. फाळ जमिनीत गेले, चाकाने माती दाबली, टँकर अर्धा रिकामा झाला. कौन्सिलचा माणूस गुडघ्यावर बसला, मातीला नाक लावलं. पुन्हा एकदा करून दाखवा म्हणाला, पुन्हा नाक लावलं. मग उभा राहून त्याने मोठा श्वास घेतला. "डॉक्टर, तुमच्या अख्ख्या फार्मवर श्वास घेता येईल अशी ही एकच जागा आहे."

गायी राहिल्या. आतोबांनी टोपी डोक्यावर घातली आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून डोळे पुसले. सगळ्यांचंच लक्ष होतं. काकूंनी त्या माणसाला कुंकू लावून भाकरी आणि गवार बांधून दिली, आणि परत जाताना तो रांगोळीला वळसा घालून गेला.

पुढे बरीच वर्षं आतोबा आणि आत्या तसंच रान टोचत राहिले. मग आतोबा गेले. गायींसकट सगळं शेजारच्या तरुण शेतकऱ्याने घेतलं आणि आत्या पिनरला आमच्याजवळ फ्लॅटमध्ये आली. तिथे विचारायला फारसं काही नव्हतं. तरी गॅसपाशी उभी राहून विचारायची, "येतोय का?" उदबत्ती लावून विचारायची. एकदा खिडकीशी बसून म्हणाली, "इथे कसलाच येत नसेल ना गं? मला आपलं उगाच वाटतं, तिकडचा येईल." मी तिचा हात धरून बसले. त्याच थंडीत ती गेली.

तिच्यानंतरच्या वसुबारसेला ऑफिसला जाते म्हणून निघाले आणि गाडी सरळ विल्टशरला घातली. गेटाशी थांबले. मागच्या रानात ट्रॅक्टर चालला होता, मागे तेच फाळ, तीच चिरा पाडून दाबलेली माती. मी काच खाली केली. ज्या वासाने माझी गाडी बदनाम झाली होती त्याच्यासाठी मी नाक बाहेर काढून बसले, आणि काही म्हणजे काही येईना. इतकं चोख काम करून ठेवलं होतं बाईने.

मग मी उतरले आणि गोठ्यात जाऊन त्या तरुण शेतकऱ्याकडे थोडं शेण मागितलं. तो चमकला, पण ॲटोबांकडची आहे म्हटल्यावर त्याने बादलीभर दिलं. ऑफिसच्या कपड्यांतच गुडघे टेकून मी गेटासमोर हातभर जागा सारवली. काँक्रीटवर ते मुरेना. तसंच हिरवंगार राहिलं.

येतोय, आत्या. खरं सांगते. खूप येतोय.