बाबांवर गेलेली झोप

आमच्या आईला झोपेची कधी वाट पाहावी लागली नाही. वेसाव्याच्या कोळीवाड्यात आमचं दोन खोल्यांचं घर होतं. रात्रीचं जेवण उरकलं की ती जमिनीवर आडवी व्हायची आणि पदर तोंडावर ओढेपर्यंत तिचा डोळा लागलेला असायचा. काळोखातच टेम्पो यायचा. त्यात इतर बायकांबरोबर बसून ती धक्क्यावर मासळी उचलायला जायची आणि उजाडल्यावर पार्ल्याच्या बाजारात पाटी लावायची. तिला कधी गजर लागला नाही. मी आईवर गेले. माझी थोरली बहीण बाबांवर गेली.

बाबा काकांच्या होडीवर जायचे. होडी निघायची वेळ भरती-ओहोटीप्रमाणे बदलते. दुपारची वेळ असली की बाबा खुशीत असायचे, गल्लीभर मस्करी करत जायचे. पहाटेची पाळी आली की आदल्या संध्याकाळपासूनच त्यांचं तोंड उतरायचं. आई सांगायची लवकर पडायला. ते पडायचेही. पण मध्यरात्र उलटल्याशिवाय त्यांना झोप म्हणून यायची नाही, आणि जरा कुठे लागते तोच आई निघता निघता उठवायला यायची. हाका मारून, हलवून उपयोग झाला नाही की तांब्याभर पाणी तोंडावर मारायची.

"होडी थांबनार हाय का कुनासाठी?"

बाबा ओल्या तोंडाने उठून बसायचे आणि बसल्या बसल्या पुन्हा पेंगायचे. एकदा पायात चपला उलट्या घालून ते समुद्रापर्यंत गेले होते. गल्ली हसली. तेही हसले.

ताईचंही तसंच. रात्री मी कधी पाणी प्यायला उठले तर ती दोघं उंबऱ्याशी बसलेली दिसायची. बाबा जाळं शिवत असायचे, ताई अभ्यास करत असायची. त्या वेळी ताईचं डोकं असं चालायचं की बाबांना गणितं समजावून सांगायची आणि ते मन लावून ऐकायचे. पण शाळा सकाळची झाली आणि तिची वाट लागली. पहिल्या दोन तासांना ती बाकावर मान टाकायची. बाईंनी आईला बोलावून घेतलं, आईने घरी आणून बडवलं. 'आळशी' हेच तिचं दुसरं नाव पडलं.

ताई दहावीला असताना बाबा गेले. पावसाळा संपून होड्या नुकत्याच पाण्यात उतरल्या होत्या. पहाटेची पाळी होती. काका पुढे दोर सोडवत होते, बाबा मागे काठावर बसले होते. काकांनी वळून पाहिलं तर जागा रिकामी. हाक नाही, काही नाही. नंतर ते मढच्या बाजूला सापडले, डोक्याला मार लागलेला होता.

लहानपणापासून पोहणारा माणूस असा कसा बुडाला? गल्लीने उत्तर काढलं, प्यायलेला असणार. बाबा होळीला आणि नारळी पौर्णिमेला घ्यायचे, तेवढंच. पण पहाटे त्यांचे डोळे लाल असायचे, पाय अडखळायचे, हे सगळ्यांनी पाहिलेलं. आईने आधी भांडून पाहिलं. मग हळूहळू तिलाही ते पटलं. आपल्याला चोरून पीत होता, असं तिने मनाशी धरलं, आणि त्या रागावरच तिने आम्हाला वाढवलं.

दिवसकार्य झाल्यावर ताई तिला म्हणाली, "आई, बाबा प्यायले नव्हते गं. ते झोपेत होते."

आईने तिच्या थोबाडीत मारली. "तुझी ती झोप माझ्यासमोर काढू नको."

पुढे ताईचं लग्न झालं, गोराईला. सासर चांगलं होतं, पण घर मासळीचंच. सुनेने काळोखात उठायचं, डबे करायचे, सासूबरोबर बाजार गाठायचा. ताईने जीव तोडून केलं. एकदा चुलीपाशी बसल्या जागी झोपली आणि पदर पेटता पेटता वाचला. वर्ष उलटल्यावर नवरा तिला आणून सोडून गेला. फार बोलला नाही, "पोरगी वाईट नाय, पन आमचं घर चालत नाय," एवढंच म्हणाला. आईने तिला घरात घेतलं आणि कितीतरी दिवस तिच्याशी बोलली नाही.

मालाडला एका कॉल सेंटरमध्ये रात्रपाळीची नोकरी लागली तेव्हा कुठे ताईच्या चेहऱ्यावरचं सावट गेलं. परदेशातल्या लोकांच्या तक्रारी फोनवर ऐकायच्या, असलं काम. सगळे जिथे कंटाळून जायचे तिथे ही ताजीतवानी. तिला बढती मिळाली, हाताखाली माणसं आली. सकाळी घरी येऊन ती दुपारपर्यंत झोपायची. आई बाजारातून परतली की मुद्दाम भांडी आपटायची. बाई माणसाने रात्रीचं जावं आणि दिवसा लोळावं, हे तिला तेव्हा रुचायचं नाही.

मग कंपनीने ते काम बंद केलं आणि सगळ्यांना दिवसपाळी दिली. काही महिन्यांतच ताई खंगली. रात्री झोप यावी म्हणून गोळ्या घ्यायची, सकाळी जाग यावी म्हणून कॉफीवर कॉफी. एक दिवस ऑफिसच्या जिन्यावरून पडली. तिच्या मैत्रिणीचा मला फोन आला. मी लग्न होऊन बोरिवलीला राहत होते. मी आले आणि तिला अंधेरीच्या एका झोपेच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले.

बाईंनी तिच्या मनगटाला घड्याळासारखा एक पट्टा बांधून दिला, काही दिवसांनी परत बोलावलं. पट्ट्यातली नोंद पाहून त्या म्हणाल्या, "तुमची झोप चांगली आहे हो. ती फक्त उशिरा येते. शरीराचं घड्याळच तसं लागलंय, त्यात तुमचा काही दोष नाही. बरेचदा हे घराण्यातून येतं. घरात आणखी कुणाचं असं होतं का?"

मी बाबांचं सांगितलं. पाण्याचा तांब्या, लाल डोळे, होडी, सगळं.

बाईंनी चष्मा काढून ठेवला. "त्यांना तपासलं नाही, त्यामुळे खात्रीने सांगता येणार नाही. पण ऐकून तरी तसंच वाटतंय."

परतताना रिक्षात ताई रडली. मला वाटलं स्वतःसाठी रडतेय. इतकी वर्षं आळशी म्हणवून घेतलं, लग्न मोडलं. पण ती एवढंच म्हणाली, "बाबांना कुणी सांगितलंच नाही गं."

आईला सांगायचं असं आम्ही दोघींनी ठरवलं. तिला बरं वाटेल, बाबांवरचा डाग जाईल, असंच आमच्या मनात होतं. दुपारी ती बाजारातून येऊन जेवायला बसली होती. मी समजेल अशा शब्दांत सगळं सांगितलं. ताईचं आणि बाबांचं घड्याळ एकच होतं, ते प्यायले नव्हते, त्यांची झोपच पुरी होत नव्हती.

आई ऐकत होती. भात तसाच हातात. मग म्हणाली, "म्हंजे त्यांना उठवायला नको होतं."

"तसं नाही गं आई, तुला तेव्हा कुठे माहीत होतं..." मी म्हणाले.

"त्या दिवशीपन पानी मारलं मी. दोनदा मारलं. उठतच नव्हते. मीच ढकललं त्यांना दारातून."

आम्ही तिला खूप समजावलं. तिने हात धुतले आणि भांडी घासायला घेतली.

दुसऱ्या दिवशी ती काकांकडे गेली आणि त्यांना, त्यांच्या सुनांना, शेजाऱ्यांना सांगून आली की माझा नवरा पिऊन मेला नाय. काका म्हणाले, "वहिनी, आता काय त्याचं?" लोक सगळं कधीच विसरले होते. लक्षात होतं ते तिच्या एकटीच्या.

त्यानंतर तिने ताईला कधी उठवलं नाही. ताईला पुन्हा संध्याकाळनंतरचं काम मिळालं, आता ती घरूनच करते. ती झोपलेली असताना गल्लीत कुणी मोठ्याने बोललं तर आई दारात येऊन हाताने गप्प करते. पण तिची स्वतःची झोप मात्र गेली. आधी आम्हाला कळलंही नाही. टेम्पो यायच्या कितीतरी आधीच ती तयार होऊन बसलेली असायची.

शेवटी तिलाही त्याच बाईंकडे नेलं. त्यांनी विचारलं, "तुमच्या माहेरी कुणाला झोपेचा त्रास?"

"नाय. आमच्यात पडलं की झोपतात सगली."

"मग हे घराण्यातलं दिसत नाही. मनाला काही लागलंय का?"

आईने ताईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "वय झालं माझं," ती म्हणाली.

आता तिने धक्क्यावर जाणं सोडलंय. बाजारातली जागा शेजारणीला दिली. ताई दुपारी उठते तेव्हा तिच्यासाठी चहा झाकून ठेवलेला असतो. आई भिंतीकडे तोंड करून पडलेली असते. झोपलीय असं वाटतं, पण कितीही हळू हाक मारली तरी ती लगेच 'काय गं' म्हणते.