लिंबाला जपणारी गाडी

आमच्या फाटकाबाहेर एक स्पीडब्रेकर आहे. शेजारच्या नितीनने आपली छोटी गाडी हौसेनं स्प्रिंगा आखूड करून रस्त्यालगत खाली बसवून घेतल्यापासून मी रोज सकाळी चहाचा कप घेऊन गॅलरीतून तिथली गंमत बघतो. नुसत्या स्प्रिंगा कापल्या तर गाडी बेडकासारखी उड्या मारते, म्हणून त्याने आखूड स्प्रिंगांना जुळणारे शॉकअब्सॉर्बरही बसवले. "काका, आता वळणावर जरासुद्धा झुकत नाही!" म्हणतो. ते खरंच आहे. पण त्याच्या आईने, मालतीबाईंनी, बंपरखाली बांधलेलं लिंबू रस्त्याला घासून संध्याकाळपर्यंत निम्मं होतं.

"गाडीला दृष्ट लागू नये म्हणून बांधावं, तर लिंबालाच लागते मेली!" मालतीबाई चिडतात.

मला वाटतं, खाली यायला कुणालाही येतं, चाल न बिघडवता येणं कठीण. मी निवृत्त झालो तेव्हा साहेबपणाच्या स्प्रिंगा एका दिवसात कापल्या गेल्या, शॉकअब्सॉर्बर मात्र जुनेच राहिले. तेव्हापासून कुणी साधं "जरा सरका" म्हणालं तरी मी उसळतो.

आज गाडी ब्रेकरपाशी थांबली. मालतीबाई खाली उतरल्या आणि पदर सावरत ब्रेकर चालून गेल्या. हलकी झालेली गाडी तिरकी होत हळूच त्यांच्यामागे आली. त्यांनी वाकून लिंबू तपासलं, "शाबूत आहे रे," म्हणाल्या आणि पुन्हा आत बसल्या.

तेवढ्यात मागून बायको म्हणाली, "जरा सरका की, मलाही बघू दे."

थोडा घासलो, पण सरकलो.