शहाऐंशी न्यू फोल्डर

माझे सासरे फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि गावात येऊन कागदांत रमले. आमचं गाव उंब्रजजवळ, आणि इथे दर दोन घरांआड एक फौजी. कुणाची पेन्शन अडकली, कुणाच्या बायकोचं नाव फौजेच्या डिस्चार्ज बुकात एक आणि आधारवर दुसरं, की ते माणूस आमच्या सोप्यात येऊन बसायचं. मामा (आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात) गावाचे कागद स्कॅन करून लॅपटॉपमध्ये ठेवायचे आणि ज्याला लागेल त्याला दोन मिनिटांत काढून द्यायचे. लॅपटॉप ते बासष्टाव्या वर्षी माझ्याकडून शिकले, त्यामुळे त्यांच्या सगळ्या खोडींना जबाबदार मीच, असं घरात ठरलेलं आहे.

मी सांगलीची. उंब्रजला शाळेत कॉम्प्युटर शिकवते आणि मला पसारा बघवत नाही. मामांचा डेस्कटॉप म्हणजे पसाऱ्याचा कळस होता. हिरव्या पडद्यावर शहाऐंशी पिवळे फोल्डर, कुठे दाटीवाटीने, कुठे एखादाच कडेला, आणि एकालाही धड नाव नाही. न्यू फोल्डर दोन, न्यू फोल्डर सदतीस. "मामा, नावं द्या," म्हणून मी वर्षभर मागे लागले होते. "देतो की," म्हणायचे, आणि पुढचं माणूस आलं की आणखी एक न्यू फोल्डर.

गेल्या दिवाळीच्या आधी लॅपटॉप रडायला लागला. चालू व्हायला इतका वेळ घ्यायचा, की मामा बटण दाबून आंघोळीला जायचे. हार्ड डिस्क जायला आली होती. मी कराडहून नवीन, वेगवान डिस्क म्हणजे एसएसडी आणली आणि बाहेरून जोडायची एक डिस्क. मग पोरांना शिकवते तसं सगळं रीतसर केलं. आधी जुन्या डिस्कचा जसाच्या तसा क्लोन बाहेरच्या डिस्कवर घेतला. तो दोनदा मधेच अडला, तिसऱ्यांदा पुरा झाला. पण नंतर वाटलं, जुना गाळ नव्या डिस्कवर कशाला ओता? म्हणून क्लोन बाजूला ठेवला, विंडोज नव्याने टाकली आणि मामांचे फोल्डर तेवढे कॉपी केले. लॅपटॉप चुटकीसरशी सुरू व्हायला लागला. फोल्डर डावीकडून एकाखाली एक, आपोआप ओळीत उभे राहिले. खोटं कशाला बोलू, मी शाबासकीची वाट बघत होते.

"झ्याक झालं," मामा म्हणाले, आणि पडद्यावर वरून खाली बोट फिरवत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या आळीतल्या आजी आल्या. त्यांचे मालक फौजेत होते, ते गेले. त्यांच्या डिस्चार्ज बुकाची प्रत आजींना बँकेत द्यायची होती, आणि मूळ पुस्तक भिजून लगदा झालेलं. मामांनी चष्मा लावला. एक फोल्डर उघडला, बंद केला. दुसऱ्यात कुणाचा तरी सात-बारा. तिसऱ्यात तिसऱ्याच माणसाचा मृत्यूचा दाखला. आजी म्हणाल्या, "असू द्या भावजी, घाई न्हाई." मामांच्या कपाळावर घाम आला. वीसेक फोल्डर उघडून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला.

"वैनी, उद्या या. मला आज घावंना झालंय."

आजी गेल्या आणि मी तोंड सोडलं. "म्हणून सांगत होते नावं द्या! आता बघा." आमची दोघांची दिवसातून तीनदा तरी जुंपते आणि ती दोघांनाही आवडते. त्या दिवशी मामांनी लॅपटॉप नुसता माझ्याकडे सरकवला. मी सगळे फोल्डर उघडून तासाभरात पुस्तक शोधलं आणि प्रत आजींना नेऊन दिली. परत आले तर मामांनी लॅपटॉप मिटून माझ्या टेबलावर आणून ठेवला होता.

"आता तूच बग लोकांचं. माझं डोस्कं चालत न्हाई."

मी लॅपटॉप पुन्हा त्यांच्यापुढे ठेवला. "मामा, आधी कसं सापडायचं तुम्हाला?"

त्यांनी मिटलेल्या लॅपटॉपवर बोट ठेवलं आणि मधोमध एक रेघ ओढली. "ही आपली वाट. ह्या अंगाला वरची आळी, ह्या अंगाला खालची. वैनीचं घर पारापसनं तिसरं, तर त्यांचा फोल्डर बी तिथंच. कचऱ्याची बादली खाली, वड्याच्या काठाला." निम्म्या गावाचं आडनाव एक आणि नावंही तीच पाच-सहा, मग नावं देऊन काय उपयोग, असं त्यांचं म्हणणं. फौजेत कुठे जायच्या आधी वाळूत तिथल्या जमिनीचा नमुना मांडून दाखवायचे, ते त्यांच्या अंगात मुरलेलं. "नावाचं न्हाई ध्यानात ऱ्हात पोरी. जाग्याचं ऱ्हातंय."

मी उभं गाव उचलून कवायतीला ओळीत लावलं होतं. कॉपी करताना फाइल एकही हरवली नाही, आणि तरी मामांचं सगळं गेलं होतं.

जुनी डिस्क लावून बघितली, ती नुसती टकटक करून गप्प झाली. आता राहिला तो दोनदा अडलेला क्लोन; फोल्डरांच्या जुन्या जागा असल्या तर त्यातच. रविवारी जेवणं झाल्यावर बाहेरची डिस्क जोडली आणि क्लोन उलटा नव्या एसएसडीवर सोडला. मामा शेजारी खुर्ची टाकून बसले. वायरजवळ कुणाला फिरकू देईनात, मांजराला दोनदा हाकललं. एकाहत्तर टक्क्यांवर आकडा थांबला.

"बंद पडलं का गं?"

"चालतंय, मामा." मला खरंच माहीत नव्हतं.

बऱ्याच वेळाने बहात्तर झाले. ऊन सोप्यातून अंगणात उतरलं तेव्हा शंभर झाले. मशीन पुन्हा चालू केलं. हिरवा पडदा आला, आणि त्यावर एकेक करून फोल्डर उगवले, दाटीवाटीचे दाटीवाटीने, कडेचे कडेला. मधली वाट मोकळी. मामांनी पाराजवळचा तिसरा उघडला. आजींच्या मालकांचं डिस्चार्ज बुक. "व्हय!" म्हणून त्यांनी मांडीवर थाप मारली, आणि मला इतका आनंद झाला की मी त्यांच्या पाठीत धपाटा घातला. सुनेने सासऱ्याला.

मग त्यांनी बाहेरची डिस्क हातात घेतली. "ह्यात समदं गाव हाय न्हवं? मग मी गेल्याव बी घावंल?"

"फोल्डर सापडतील. कुठलं घर कुणाचं, ते तुमच्याच डोक्यात आहे."

त्यांनी जरा विचार केला. "मग चप्पल घाल."

लग्न होऊन अकरा वर्षं झाली, पण मला स्टँडचा रस्ता आणि हळदी-कुंकवाची चार घरं एवढंच गाव ठाऊक होतं. मामा दर दारात थांबायचे, घर कुणाचं ते सांगायचे, आणि पडद्यावरची जागा माझ्याकडून वदवून घ्यायचे. खालच्या आळीत एका घराला गंजकं कुलूप होतं.

"ह्यांचं कोण आहे आता?"

"म्हातारी दोघं गेली. पोरगा तिकडं सुरतेला. यील की कवातरी कागद मागाय. डाव्या कडंला, सगळ्यात खाली. म्हण."

"डावीकडे, सगळ्यात खाली."

"आता मी निवांत मेलो तरी चालतंय बग."

"मरायचं नाव काढायचं नाही!" मी भर आळीत ओरडले. दोन बायका दारात आल्या. मामा पुढच्या घरासमोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "हे सांग." जागा मला पक्की माहीत होती. "लक्षात नाही," मी म्हणाले, "उद्या पुन्हा दाखवा."