माणिकनं न फिरवलेली चावी

माणिक गेल्याचं मला तिसऱ्या दिवशी कळलं. जनवाड्याहून सायकलवर येणाऱ्या आमच्या शाळेच्या शिपायानं वर्गाच्या दारात उभं राहून सांगितलं, "सर, ते सायकल दुकानवाले माणिकअण्णा गेले की. झोपेतच." मी फळ्यावर गणित लिहीत होतो, ते पुरं केलं. पोरांना उत्तरही विचारलं. नंतर नळावर हात धुताना लक्षात आलं, की मला आधी दुःख झालंच नव्हतं. आधी वाटलं ते एवढंच, की चला, आता ती गोष्ट माहीत असणारं कुणी उरलं नाही. हे लिहायला लाज वाटते. पण आज लाजेचंच लिहायचं आहे, तेव्हा सुरुवात तिथूनच केलेली बरी.

बिदरला आमचा एक ऑर्केस्ट्रा होता. लग्नं, जत्रा, शाळांची संमेलनं असलं काहीबाही आम्ही करायचो. ऑर्केस्ट्राचे मालक, गायक आणि हुकूमशहा असे तिन्ही एकच गृहस्थ होते, त्यांना सगळे मास्तर म्हणत. मास्तरांच्या मेहुण्यानं मुंबईहून आणलेली एक इलेक्ट्रिक गिटार आमच्याकडे होती आणि ती वाजवायचा मान माझ्याकडे होता. आमचं कापडाचं दुकान, वडलांना गावात अप्पा म्हणून ओळख, आणि मी केस वाढवून गिटार वाजवणारा दिवटा! माणिकचं सायकलचं दुकान आमच्या दुकानासमोरच होतं. त्याच्या आईवडलांनी धम्म घेतला तेव्हा तो शाळकरी होता. त्यानंतर जन्मलेल्या धाकट्या भावाचं नाव त्यांनी आनंद ठेवलं, पण माणिकचं माणिकच राहिलं. आमच्या घरचे त्याला चहा द्यायचे तो ओट्यावर, वेगळ्या कपात. मला ते दिसायचं. मी कधी काही बोललो नाही.

गिटार माझ्या हातात असली तरी कळायची ती माणिकला. चाकाचा आउट काढणारा माणूस तो. रिंग फिरवायची, डोळा बारीक करायचा आणि एकेक स्पोक आवळत, सैल करत चाक सरळ आणायचं, हे त्यानं आयुष्यभर केलं. पहिल्यांदा त्यानं गिटार हातात घेतली तेव्हा वाजवून पाहिली नाही, बंदुकीसारखी डोळ्याला लावून दांडी सरळ आहे का ते पाहिलं. मग वाजवायलाही शिकला, माझ्याकडूनच, आणि वर्षभरात माझ्यापेक्षा बरा वाजवू लागला. तेही मी कुणाला सांगितलं नाही.

आमच्या गिटारीला जाड तारा होत्या. माझ्या बोटांना फोड यायचे आणि सिनेमातल्या गाण्यात तार ओढून जो सूर काढतात, तो माझ्याच्यानं निघायचा नाही. मी हैदराबादहून पातळ तारांचा संच आणला. मला वाटलं, जुन्या काढायच्या, नव्या चढवायच्या, झालं. चढवल्या तर सगळी गिटार खरखरायला लागली. तारा दांडीवरच्या धातूच्या पट्ट्यांवर आपटत होत्या. माणिक हसला. म्हणाला, "तारा पातळ केलास म्हंजी दांडीवरचा ताण गेला की. पोटातली सळई मातर जाड तारांच्या हिशोबानं आवळलेली हाय. दांडी मागं कललीय. आता सळई सैल करावं लागतंय."

दांडीच्या पोटात लोखंडी सळई असते हे तोवर मला ठाऊक नव्हतं. तिच्या टोकाला बसेल अशी चावी बिदरात कुठून मिळणार? माणिकनं एका जुन्या चावीला कानस मारून ती बनवली. मोटारसायकलचं फिलर गेज घेतलं, त्याची पातळ पाती तार आणि सातव्या पट्टीच्या मधे सरकवून फट मोजली. डोक्याकडच्या पट्टीतल्या खाचा पातळ तारांना सैल होत होत्या, त्यांच्या तळाला कागदाचे बारीक कपटे लावले. तारांखालची घोडी किंचित उचलली. मग चावी सैल करायच्या बाजूला पाव फेरा फिरवली आणि थांबला. "आता उद्यापत्तुर हात लावू नको. लाकूड हाय बाबा, लोखंड न्हाई. बसायला येळ लागतंय त्याला. उद्या नऊला मास्तरकडं येतो, तवा बघू."

दुसऱ्या दिवशी मादन हिप्परग्याला दुपारचा कार्यक्रम होता आणि माणिकसाठी तो साधा दिवस नव्हता. दोन वर्षं मागं लागल्यावर मास्तरांनी त्याला दोन गाणी वाजवू द्यायचं कबूल केलं होतं. बरं वाजवलं तर कायमचा ऑर्केस्ट्रात. त्यासाठी त्यानं पांढरा शर्ट इस्त्री करून ठेवला होता.

सकाळी सातला मी गिटार काढली. एक तार अजून थोडी खरखरत होती. नऊपर्यंत राहवलं नाही मला. खरं सांगायचं तर मनात हेही होतं, की प्रत्येक वेळी याच्या तोंडाकडं काय बघायचं? गिटार माझी, वाजवणारा मी! पिशवीत चावी होती. ढिली झालेली वस्तू आवळायची असते एवढंच माझं शहाणपण. मी आवळलं. खरखर वाढली. म्हणून आणखी आवळलं... कट्‌ असा आवाज आला. दांडीला मागून चीर गेली होती.

मी गिटार पिशवीत घातली आणि मास्तरांच्या अंगणात नेऊन ठेवली. काही बोललो नाही. मास्तरांनी वाजवून बघायला काढली, चीर दिसली, आणि ते ओरडले, "कुणी हात लावला हिला?" त्याच वेळी माणिक फाटकातून सायकल आत घेत होता. मी म्हणालो, "काल माणिककडं होती, मास्तर."

यातला शब्दन्‌शब्द खरा होता. इतकं सफाईदार खोटं मी पुन्हा कधी बोललो नाही. आणि मला हेही माहीत होतं, की माझं नाव निघालं असतं तर चौकशी झाली असती. त्याचं नाव निघालं आणि चौकशी संपली. "काय रे?" मास्तरांनी विचारलं. माणिकनं चीर पाहिली. चावी अजून सळईच्या टोकातच अडकलेली होती, ती पाहिली. मग माझ्याकडं पाहिलं. म्हणाला, "व्हय मास्तर. घाई केलो म्या."

"सायकलवाल्याच्या हातात वाद्य दिलं की असंच व्हायचं. जा बाबा, पंक्चर काढ जा." एवढं बोलून मास्तर गाडीत बसले. आम्हीही बसलो. त्या दिवशी मी खंजिरी वाजवली.

चार दिवसांनी त्याच्या दुकानात गेलो. तो टायर चढवत होता. मी विचारलं, "कामून अंगावर घेतलास रे?" वर न बघता म्हणाला, "मला हाकलले तर दुकान हाय. तुला हाकलले असते तर तू काय केलास असता? दुसरं काय येतंय तुला?" आणि हसला. मीही हसलो. माफी मागायची ती जागा होती, ती हसण्यात गेली.

पुढचं याहून वाईट आहे. गिटार दुरुस्त करायला मी लपून माणिककडंच दिली. त्यानं चिरेत सरस भरला, जुन्या ट्यूबची पट्टी कापून दांडीभोवती ताणून गुंडाळली, तीन दिवस हलू दिलं नाही, मग पुन्हा सगळं जुळवलं. पहिल्यापेक्षा गोड वाजायला लागली. मास्तरांनी विचारलं, कुठं केलीस? मी म्हणालो, हैदराबादला. पुढची सहा वर्षं मास्तर येईल त्याला ती दांडी दाखवून सांगायचे, बघा, हैदराबादचे कारागीर! माणिक आमच्या कार्यक्रमांना कधी आला नाही. ऑर्केस्ट्रा मोडला, मी शाळेत लागलो, मास्तरही गेले. रस्त्यात माणिक भेटला की तब्येतपाणी विचारायचो. सांगून टाकायला किती वर्षं होती माझ्याकडे!

माणिकच्या पुण्यानुमोदनाला त्याच्या घरी जनवाड्याला गेलो. वंदना झाल्यावर एकेकानं उठून दोन शब्द बोलायचे होते. गुरुजी म्हणून मला आग्रह झाला. मी उठलो, माणिकच्या हातातली कला, त्याचा मनमोकळा स्वभाव, असलं बरंच बोललो. लोकांनी डोळे पुसले. मी खाली बसलो तेव्हा माझीच मला किळस आली.

मंडळी पांगल्यावर त्याची बायको शांताबाई चहा घेऊन आली. म्हणाली, "गुरुजी, तुमचं नाव लई काढायचे. कुणी काम शिकायला आलं की ती गिटारीची गोष्ट सांगायचेच. म्या घाई केलो, चांगली वस्तू मोडलो, तुमी घाई करू नका म्हणायचे."

म्हणजे ते खोटं त्यानं घरातसुद्धा उतरवलं नव्हतं. इतकी वर्षं, बायकोपाशी, भावापाशी... हातातला कप मी खाली ठेवला आणि म्हणालो, "वहिनी, गिटार त्यानं नाही मोडली. मी मोडली. त्याचं नाव मी पुढं केलं."

तिनं कप उचलून बाजूला ठेवला. मग आत तोंड करून हाक मारली, "आनंद, भाईर ये. गुरुजी काय म्हणायलेत ते ऐक." आणि माझ्याकडं वळून म्हणाली, "सांगा. त्येलाबी सांगा."

माणिकचा धाकटा भाऊ आनंद येऊन समोर बसला. आता तोच दुकान बघतो. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. पहिल्यांदा तोंडातून निसटून गेलं होतं, दुसऱ्यांदा एकेक वाक्य ओढून काढावं लागलं. तो चिडला नाही. त्यानं एकच विचारलं, "चावी कोण्या अंगाला फिरवलाव?"

"आवळलं," मी म्हणालो.

"अण्णाबी तसंच सांगायचा. म्या आवळलो म्हणून." तो भिंतीकडं बघत होता. "मला कवाच पटलं न्हाई. ढिलं करायचं तिथं आवळणारा माणूस नव्हता त्यो. म्या दोनदा तोंडावर म्हणलो, अण्णा, तू खोटं बोलायलास. दोन्ही डावाला लई चिडला माझ्यावर."