पेल्याचा विटाळ

झाहारियाच्या तळघरात पेला एकच. पिंपाखाली धरायचा, यजमानानं आधी प्यायचा, मग भरून शेजाऱ्याकडे. चर्चच्या जत्रेला आलेल्या पाहुण्यांतून फिरत तो पंतेलिमोनपाशी आला आणि पंतेलिमोननं नकारार्थी मान हलवली. सख्ख्या मेव्हण्याच्या घरची वाइन नाकारणं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकणंच.

मग पंतेलिमोननं खरं ते सांगून टाकलं. यकृतात बी आणि सी, दोन्ही काविळी एकदमच मुक्कामाला आहेत. डॉक्टरीणबाईंनी दारू तोडलीय. सीच्या गोळ्या सुरू केल्या की आतापर्यंत दबून बसलेली बी उसळू शकते, म्हणून आधी तिचा बंदोबस्त. लहानपणी अख्ख्या शाळेला एकाच सुईनं टोचायचे, तिथूनच हे आलं असावं.

झाहारियानं पेला सदऱ्याच्या टोकानं पुसला. त्याच टोकानं त्यानं मघाशी नाक पुसलं होतं. मग प्लमची दारू ओतून खळबळला आणि पंतेलिमोनला वगळून पुढे दिला. बोटांना डुकराची चरबी माखलेली, त्याच बोटांनी सगळे एका पिंपातल्या आंबवलेल्या काकड्या उपसत होते, आणि अंग मात्र पंतेलिमोनपासून चोरत होते. जेवताना झाहारियाच्या बायकोनं पंतेलिमोनची थाळी दाराशी मांडली, पाव लांबूनच सरकवला. हा रोग रक्तातनं जातो, पेल्यातनं नाही, हे त्यानं दोनदा सांगितलं. ऐकतोय कोण! एक म्हातारा तर म्हणाला की याच्या शेजारी बसून आपली वाइन आंबेल.

पंतेलिमोनची बायको, झाहारियाची बहीण, मुक्कामाला राहू म्हणाली, म्हणून तो राहिला.

सकाळी तो अंगणात आला तर झाहारिया पाण्याच्या कुंडापाशी उभा. गालभर फेस, आणि हातात पंतेलिमोनचा वस्तरा. पिशवीतनं न विचारता काढलेला.

क्षणभर पंतेलिमोनच्या मनात आलं, करू दे. मग त्याला स्वतःचीच शिसारी आली. त्यानं पुढे होऊन वस्तरा हिसकावला.

"एवढा काय जीव अडकलाय त्यात, दाजी?" झाहारिया हसला. "प्रत्येक जत्रेला यानंच तर करतो मी. तुम्ही उठायच्या आत."

"प्रत्येक जत्रेला?"

"धार आहे ना त्याला. गेल्या खेपेला हनुवटीच कापली, हे बघा."

पंतेलिमोननं वण पाहिला. वस्तरा त्यानं संडासाच्या खड्ड्यात टाकला.

"रक्तातनं जातो म्हणालो होतो. काल ऐकलं असतंस तर आज पिशवीत हात घातला नसतास," तो म्हणाला. "सोमवारी शहरात रक्त तपासायला चल."

चर्चची घंटा वाजू लागली. झाहारियाच्या गालावरचा फेस वाळत चालला होता. त्यानं हनुवटीला हात लावला आणि तो हात विजारीला घासून घासून पुसला.

"बहिणीला नका सांगू, दाजी," तो हळूच म्हणाला. "बस किती वाजता असते?"

पंतेलिमोननं वेळ सांगितली. झाहारियाच्या तोंडाकडे मात्र त्याला बघवेना.